फुल बॉडी चेकअपची पॅकेजं: आजार टाळायला की गिऱ्हाईक शोधायला?

निफाडकर:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एका लॅबची जाहिरात आली, ८५ टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार, मूळ किंमत साडेपाच हजार त्यावर काट मारून १४९९, आणि जोडीनं केलं तर अजून सूट. निम्म्या सोसायटीनं करून घेतली, मीपण आईबाबांची केली. बाबा ६४, आई ५९. बाबांना कसलाही त्रास नाही, सकाळी फिरून येतात, स्वतः गाडी चालवतात. रिपोर्ट आला तर बाबांचं सीईए नावाचं काहीतरी ६.१ आणि लाल अक्षरात हाय, आणि त्याच संध्याकाळी लॅबकडून एका मुलीचा फोन की सर हा कॅन्सर मार्कर असतो, तुम्ही आमच्या पॅनलवरच्या डॉक्टरांशी फ्री बोलून घ्या. बोललो. त्यांनी व्हिडिओ कॉलवर चार मिनिटांत पेट सीटी (अख्ख्या शरीराचा स्कॅन) आणि कोलोनोस्कोपी (आतड्यात नळी घालून तपासणी) सांगितली, कुठल्या हॉस्पिटलात करायची तेही सांगून टाकलं, पोटाला हात लावणं तर लांबच राहिलं.

तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं झालंय. बाबा धड जेवत नाहीत, आई नवस बोलून बसलीये.

एक तर घरचा प्रश्न आहेच, पण दुसरं असं की लहानपणापासून ऐकत आलो आजार होण्याआधी काळजी घ्या म्हणून, मग हे जे चाललंय ती काळजीच आहे का? असेल तर ती शाम्पूसारखी सेल लावून का विकतायत? आणि नसेल तर खरी काळजी कुठे मिळते आणि तिची जाहिरात कुणी का करत नाही? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी सांगा, नुसतं "सगळे डॉक्टर चोर" नको, तो धागा आपल्याकडे दर महिन्याला निघतो.

रविवारचा_वाचक:
पेट सीटीची घाई करू नका एवढंच सांगतो. बाकी जाणकार येतीलच. वाचनखूण साठवली आहे.

सूक्ष्मदर्शी:
मी एमडी पॅथॉलॉजी, तालुक्याच्या गावी २० वर्षं छोटी लॅब चालवतोय, त्यामुळे माझा या पॅकेजवाल्यांवर धंद्याचा राग आहे हे आधीच धरून चाला आणि मग वाचा.

पहिलं म्हणजे ८५ टेस्ट हा आकडाच एक गंमत आहे. सीबीसी ही एक तपासणी, एक नळी, एका मशीनमधून मिनिटभरात निघते, पण तिच्यातले हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, प्लेटलेट असे सगळे आकडे वेगवेगळे मोजले की त्याच वीस-बावीस "टेस्ट" झाल्या. लघवीच्या तपासणीत रंग आणि वास हीसुद्धा टेस्ट. कोलेस्टेरॉलमधे तर दोन आकड्यांचा भागाकार करून त्यालाही टेस्ट म्हणतात, त्याला खर्च काय, कॅल्क्युलेटरचा. मोठ्या लॅबच्या ऑटोअॅनालायझरला पन्नास रक्तं लावली काय आणि पाच हजार लावली काय, मशीन आणि माणसं तीच, त्यामुळे एकेक टेस्ट वाढवायला त्यांना फार थोडा खर्च येतो. १४९९ मधे त्यांचं फार सुटत नसेल, पण तुमचा नंबर, वय आणि रिपोर्ट त्यांच्याकडे गेला, आणि पुढचा फोन त्या माहितीवर येतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी काढतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक त्यात बसले पाहिजेत. म्हणजे ठणठणीत माणूससुद्धा शंभरात पाच वेळा बाहेर जाणार, हे व्याख्येतच आहे. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर किमान एक लाल येण्याची शक्यता ६४ टक्के होते, गणित कुणीही करून बघा. टेस्ट जितक्या वाढवाल तितकं कुणीच नॉर्मल राहत नाही.

आता सीईए. आतड्याचा कॅन्सर झालेल्या माणसावर उपचार झाले की तो परत उलटतोय का हे बघायला ही टेस्ट चांगली आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर हुडकायला ती वापरू नये असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतसुद्धा आहे, कारण एक तर ती लिव्हरच्या आणि आतड्याच्या साध्या आजारातही थोडी वाढते आणि दुसरं म्हणजे कॅन्सर सुरुवातीला असताना कित्येकदा वाढतच नाही. म्हणजे जे शोधायला टेस्ट करतोय तेच तिला सापडत नाही. आणि हो, सिगारेट ओढणाऱ्यांचं सीईए मुळातच थोडं जास्त असतं. बाबा ओढतात का?

निफाडकर:
ओढतात. दिवसाला पाच-सहा, पूर्वी पाकीट लागायचं. आणि आत्ता तुमचं वाचून डोक्यात आलं की रक्त न्यायला आलेला मुलगा, कॉल सेंटरवाली मुलगी, तो डॉक्टर, यांतल्या कुणीही हा प्रश्न विचारला नाही. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल, ईमेल आणि जीएसटी बिल हवं का एवढंच होतं.

सूक्ष्मदर्शी:
मग झालं की. मला ६.१ चा आकडा बिनकामाचा वाटतोय पण मी काही पेशंट बघितलेला नाही. चांगला फिजिशियन गाठा, पोट तपासू द्या, वजन उतरलंय का, शौचाच्या सवयी बदलल्यात का, रक्त जातंय का हे विचारू द्या. काही आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करायची की नाही ते त्याला ठरवू द्या.

पुणेरी_कोडर:
थोडा विरोधी सूर लावतो. लॅबवाल्यानं नफा कमावला तर बिघडलं कुठे? हॉटेलवाला कमावतो, शाळा कमावतात, आमची आयटी कंपनी कमावते. आमच्या ऑफिसात वर्षाला चेकअप फुकट असतो, त्यात माझ्याच टीममधल्या ३४ वर्षांच्या मुलाला बीपी निघालं १७० वर, त्याला पत्ता नव्हता. त्याचं काय? नफा नसता तर त्या मुलाच्या दारात कोण गेलं असतं, सरकार? सरकारी दवाखान्याची वेळ सकाळी ९ ते दुपारी, तेव्हा आम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे असतो. आणि स्पर्धा आहे म्हणूनच तर साडेपाच हजाराचं १४९९ झालं. शिवाय करदात्याला आयकराच्या ८०डी सवलतीमधे प्रिव्हेंटिव्ह चेकअपचे ५ हजारापर्यंत वजा मिळतात, म्हणजे सरकारलाही हे चांगलंच वाटतंय ना.

आणि लस? सीरम इन्स्टिट्यूट खाजगी आहे, नफ्यात आहे, आणि जगातल्या अर्ध्याअधिक पोरांना पुण्यात बनलेली एखादी तरी लस टोचली जाते असा अंदाज आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची त्यांची लस जानेवारी २०२३ मधे आली ती परदेशी लसीपेक्षा बरीच स्वस्त. नफ्यातून प्रतिबंध होत नाही असं कुणी म्हणत असेल तर पुण्यात येऊन बघावं.

हळद_कुंकू_आणि_एक्सेल:
८०डी चे ५ हजार वेगळे नाहीत हो, २५ हजाराच्या एकूण मर्यादेतच आहेत, आणि नवीन कर पद्धत घेतली असेल तर शून्य. सीए असल्यामुळे राहवलं नाही. चालू द्या.

तालुक्याचा_डॉक्टर:
कोडर, तुमचा मुद्दा निम्मा मान्य. तुमच्या टीममधल्या मुलाला बीपी निघालं हे झकासच झालं, पण ते निघालं पट्टा बांधून, ८५ टेस्टमधून नाही. बीपी मोजायला काही लागत नाही, एक मशीन आणि पाच मिनिटं शांत बसायचं. आणि लस स्वस्त होते तीही एक मोठा गिऱ्हाईक घाऊक घेतो म्हणून, बहुतेक देशांत तो गिऱ्हाईक म्हणजे सरकार किंवा युनिसेफ. एकेकट्याला फोन करून विकली असती तर काय भाव राहिला असता विचार करा.

स्पर्धेनं भाव उतरतात हे आजारी माणसाच्या बाबतीत फार कमी वेळा खरं होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती स्टेंट आठवा. वीसपंचवीस कंपन्या बाजारात असूनही औषध लावलेली स्टेंट पेशंटला लाख-सव्वा लाखाला पडायची, कारण स्टेंट निवडणारा टेबलावर झोपलेला असतो. फेब्रुवारी २०१७ मधे औषध किंमत प्राधिकरणानं कमाल भाव लावला तेव्हा तीच स्टेंट २९,६०० वर आली आणि साधी ७,२६० वर. त्याच वेळी प्राधिकरणाच्या आकड्यांत दिसलं की मार्जिन साडेसहाशे टक्क्यांपर्यंत होतं, ते मुख्यतः हॉस्पिटलच्या पातळीवर.

आता मूळ प्रश्नावर येतो, काळजीची जाहिरात कुणी का करत नाही. आपल्याकडे पैसा कधी मिळतो ते बघा. मेडिक्लेम असो नाहीतर महात्मा फुले योजना असो, मुख्यतः पेशंट भरती झाला की पैसे. किडनी गेली की डायलिसिस योजनेत, हार्ट अटॅक आला की अँजिओप्लास्टी योजनेत, पण ती किडनी आणि ते हृदय वीस वर्षं सांभाळणारी बीपीची गोळी, जी जनऔषधीत अगदी किरकोळ पैशात मिळते, ती लिहून देणाऱ्याला आणि पेशंट दर महिन्याला येतोय का हे बघणाऱ्याला कुणी काही देत नाही. मी ओपीडीत एखाद्याला अर्धा तास बसवून मीठ कमी कर, तंबाखू सोड सांगितलं तर मला मिळतात २०० रुपये, आणि तोच माणूस दहा वर्षांनी पॅरालिसिस होऊन माझ्याकडे भरती झाला तर बिल लाखाचं. मी वाईट माणूस नाही हो, पण हॉस्पिटलच्या कर्जाचा हप्ता त्या २०० रुपयांतून जात नाही. बँकेला प्रतिबंध कळत नाही.

आणि हे जमतच नाही असंही नाही. २०१७ च्या शेवटी केंद्र सरकार आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं उच्च रक्तदाबाचा एक कार्यक्रम सुरू केला, आपल्याकडे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा असे जिल्हे घेतले होते. त्यात नवीन शोध काहीच नव्हता. सगळ्यांना एकच ठरलेली औषधं, ठरलेल्या क्रमानं, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपू द्यायच्या नाहीत, एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्यायच्या आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. एवढ्यावर आधी वाऱ्यावर असलेल्या पुष्कळ लोकांचं बीपी आटोक्यात आलं. पण याची टीव्हीवर जाहिरात कधी बघितली? कोण करणार, त्यात विकायला काय आहे?

निफाडकर, एक विचारू का. त्या रिपोर्टात साखरेचे आकडे काय आहेत? उपाशीपोटीची आणि एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. कॅन्सरच्या गडबडीत ते कुणी वाचलंय का?

निफाडकर:
डॉक्टरसाहेब, आत्ता पीडीएफ उघडून बघितलं. २३ पानांची आहे, साखर अकराव्या पानावर. उपाशीपोटी १३८, एचबीए१सी ७.३. तेही लाल आहे पण तसं लाल अजून सात ठिकाणी आहे, व्हिटॅमिन डी, बी१२, काय काय. फोनवर याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तालुक्याचा_डॉक्टर:
वाटलंच होतं. उपाशीपोटी १२६ च्या वर आणि एचबीए१सी ६.५ च्या वर, दोन्ही एकाच रक्तात, म्हणजे बाबांना डायबेटिस आहे आणि गेले काही महिने तरी असणार. घाबरू नका, हा आकडा आवरता येण्यासारखा आहे. पण बघा, त्या २३ पानांत खरी कामाची बातमी ही होती, आणि तिच्यावर कुणी फोन केला नाही कारण मेटफॉर्मिनच्या, म्हणजे डायबेटिसच्या साध्या गोळीत कुणाचा हप्ता निघत नाही. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांच्या नसा तपासून घ्या, आणि बीपी. सिगारेट आणि साखर एकत्र म्हणजे हृदयाला दोन्हीकडून मार.

सिगारेटचं आता या वयात काय असं बाबा म्हणतील. ब्रिटनमधे रिचर्ड डॉल आणि मंडळींनी डॉक्टरांच्याच एका मोठ्या गटाचा ५० वर्षं पाठपुरावा केला, त्यात साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनासुद्धा सरासरी तीन वर्षं आयुष्य जास्त मिळालं, तिशीत सोडणाऱ्यांना दहा. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पाकिटावर छापलेली असते, फुकट आहे.

पुणेरी_कोडर:
ओके, पण मग पॅकेजमुळेच डायबेटिस कळला ना शेवटी? १४९९ वसूल.

सूक्ष्मदर्शी:
वसूल कसले, साखर माझ्याकडे शंभराच्या आत होते. आणि तुम्ही हिशोबात घरातल्या माणसांच्या उडालेल्या झोपा धरल्या नाहीत. समजा यांनी इथे न विचारता पेट सीटी केला असता, फुप्फुसात एखादा जुन्या टीबीचा डाग निघाला असता, आपल्याकडे तो कितीतरी लोकांत असतो, मग त्याची सुईनं बायोप्सी, मग... हे एकदा सुरू झालं की थांबवायची हिंमत कुठलाच डॉक्टर करत नाही, कारण न करून काही निघालं तर कोर्ट आणि करून काही नाही निघालं तर "देवाची कृपा". प्रत्येक पायरीवर पैसे मात्र सुटतात, आणि कुठे कुठे सुचवणाऱ्याला कट, म्हणजे कमिशन. २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून दिला होता, त्याचा कायदा काही झाला नाही. कट न देणाऱ्या लॅबचं काय होतं हे मला विचारा, नको, राहू दे.

अनघा_लीड्स:
इकडून थोडं. मी डॉक्टर नाही, इथल्या कौन्सिलच्या पब्लिक हेल्थ विभागात डेटाचं काम करते. एनएचएसमधे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी चेक होतो, त्यात बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेट, दारू, डायबेटिसचा धोका, संपलं. ट्यूमर मार्कर नाहीत, व्हिटॅमिन डी नाही. आपल्याकडून आलेले आईवडील तर चिडतात, "एवढंच? पूर्ण बॉडी नाही?" माझ्या सासूबाई पुण्याला गेल्या की पॅकेज करून येतात आणि तो जाडजूड रिपोर्ट इथल्या जीपीपुढे, म्हणजे फॅमिली डॉक्टरपुढे, ठेवतात, तो बिचारा कसनुसं हसतो.

कुठलं स्क्रीनिंग करायचं हे ठरवायला इथे एक कमिटी आहे आणि ती जे निकष लावते त्याचा पाया १९६८ साली डब्ल्यूएचओसाठी विल्सन आणि युंगनर यांनी घातला. साधे आहेत, म्हणजे आजार महत्त्वाचा आहे का, लवकर सापडला तर करण्यासारखं काही आहे का, टेस्ट लोकांना झेपणारी आहे का, आणि पुढच्या उपचाराची सोय आहे का. यातून पास झालेलं घरपोच येतं. आतड्याच्या कॅन्सरसाठी ५० नंतर पोस्टानं एक किट येतं, घरीच शौचाचा नमुना घ्यायचा आणि परत टपालात टाकायचा. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा आलं तेव्हा आठवडाभर ते फ्रिजवर तसंच होतं, शेवटी मी दम दिला. तुमच्या बाबांच्या वयाला असली शौचातल्या रक्ताची तपासणी भारतात फिजिशियन सांगू शकतात, थेट पेट सीटीपेक्षा तिला अर्थ आहे.

नुसती इथली आरती ओवाळत नाहीये हं. इथे नफ्याचा प्रश्न नाही तर रांगेचा आहे, गुडघा बदलायला लोक महिनोन्महिने थांबतात. आणि नफा नसला तरी "जास्त शोधलं म्हणजे चांगलं" हा मोह सगळीकडे असतोच. दक्षिण कोरियाचं उदाहरण इथे ट्रेनिंगमधे देतात. तिथे सरकारी कॅन्सर तपासणीसोबत थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करायची टूम निघाली, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच, ना वाढले ना घटले. म्हणजे हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी अशा गाठींसाठी काढल्या ज्यांनी त्यांना जन्मात त्रास दिला नसता, आणि मग आयुष्यभर गोळी. २०१४ मधे तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला तेव्हा ऑपरेशनं झपाट्यानं कमी झाली.

तालुक्याचा_डॉक्टर:
कोरियाचं उदाहरण फार चांगलं दिलंत. त्याला जोडून, सरसकट चेकअपवर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं सगळे प्रयोग एकत्र करून बघितलेत, २०१९ च्या आवृत्तीत अडीच लाख माणसं होती. चेकअप करणारे आणि न करणारे यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक जवळपास नाही. कोडर, हे तुमच्या एचआरला पाठवा.

आशाताईंची_सिस्टर:
मी धाराशिव जिल्ह्यात नर्स आहे, सरकारीतच, रोज वाचते पण लिहीत नाही, आज लिहिते. तुम्ही सगळे शहरातलं बोलताय, की लई टेस्ट होतात. आमच्याकडं उलट आहे, जी व्हायला पाहिजे तीच होत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाचा उस्मानाबाद, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलवाल्यांनी २००० च्या आसपास गावोगाव फिरून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायांवर अभ्यास केला होता. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची टेस्ट, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी बघितलं तर तपासणी न दिलेल्या गावांच्या मानानं त्या गावांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं मरणाऱ्या बाया निम्म्या झाल्या होत्या. एकदाच केलेल्या तपासणीवर. २००९ साली हे अमेरिकेतल्या मोठ्या मासिकात छापून आलं, जगभरच्या डॉक्टरांना उस्मानाबाद माहीत झालं. आणि मुंबईत टाटा हॉस्पिटलनं झोपडपट्टीतल्या दीड लाख बायांमधे असंच केलं, टेस्टसुद्धा नाही, नुसतं व्हिनेगर लावून पांढरा डाग दिसतो का बघायचं, आणि बघणाऱ्या पण डॉक्टर नाहीत, शिकवून तयार केलेल्या साध्या दहावी-बारावीच्या बाया. तिथं मरण ३१ टक्क्यांनी कमी झालं. व्हिनेगर हो, चायनीजच्या गाडीवर असतं ते. (दोन्हीकडं ज्या बायांना तपासणी दिलीच नाही त्यांच्यावरनं नंतर वाद झाला, तो पण खरा आहे, लपवत नाही.)

आता सांगा, एवढं सगळं आपल्याच मातीत सिद्ध झालं आणि २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर १.९ टक्के. शंभरात दोन पण नाहीत. आमची आशा घरोघर जाऊन फॉर्म भरती, बाई हो म्हणती, आणि तारखेला येत नाही कारण त्या दिवशी मजुरी बुडती आणि सासू म्हणती तुला काय झालंय का. आणि आली, डाग सापडला, तर पुढची तपासणी जिल्ह्याला, एसटीचं भाडं कोण देणार. पुढची सोय नसली तर तपासणीचा उपयोग नाही असं अनघाताईंनी लिहिलंय ना, अगदी तेच.

आणि हीच कॅन्सरची भीती शेजारच्या बीडमधे कशी विकली ते पण लिहिते. ऊसतोडीच्या बायांना अंगावरनं पांढरं जातं, पाळीचा त्रास असतो, फडात पाणी नाही संडास नाही, दुसरं काय होणार. खाजगीत गेलं की "पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल". पंचविशी-तिशीतल्या बाया. मुकादमाकडनं उचल घेऊन ऑपरेशन, मग ती उचल फेडायला परत फडात. २०१९ ला बोंबाबोंब झाली तेव्हा नीलम गोऱ्हे ताईंच्या समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बाया तपासल्या, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. नंतर नियम केला की खाजगीत पिशवी काढायची तर सिव्हिल सर्जनची परवानगी पाहिजे. आता मला सांगा, "कॅन्सर होऊ नये म्हणून" हेच कारण तिकडं पण आहे आणि तुमच्या १४९९ च्या पॅकेजात पण आहे. एकीकडं दोन रुपयाचं व्हिनेगर लावायला बाई मिळत नाही आणि दुसरीकडं कर्ज काढून पिशवी काढायला मिळती. असं का होतं, तर ऑपरेशनच्या मागं लागणारा माणूस आहे, एजंट आहे, रिक्षा दारात येती. व्हिनेगरच्या मागं फक्त मी आणि आशाताई.

रविवारचा_वाचक:
सिस्टर, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका प्लीज.

पुणेरी_कोडर:
सिस्टर __/\__. बीडचं ऐकून होतो पण आकडे वाचून सुन्न झालो.

मी नफ्याच्या विरोधात अजूनही नाही, मला वाटतं पैसे कशाचे देतो ते बदललं पाहिजे. ज्या दवाखान्याच्या यादीतल्या जास्त लोकांचं बीपी आटोक्यात, त्याला वर्षाला जास्त पैसे, असं केलं तर तालुक्याचे डॉक्टरच उद्यापासून लोकांच्या घरी फोन करतील. ब्रिटनमधे जीपींना असं काहीतरी देतात ना?

अनघा_लीड्स:
देतात, २००४ पासून. फायदा झाला, पण लगेच असंही झालं की ज्याचे पैसे मिळतात तेवढ्याच रकान्यात टिक मारायची, बाकीचं राहिलं. नंतर कितीतरी निकष काढून टाकले. तरी तुमच्याकडच्या पद्धतीपेक्षा मी तेच घेईन.

तालुक्याचा_डॉक्टर:
द्या हो मला, उद्यापासून करतो फोन. नाहीतरी सध्या फार्मावाल्यांचेच फोन घेतोय.

निफाडकर:
सगळ्यांचे आभार. काल बाबांना आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं, दहा वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो. त्यांनी पाऊण तास घेतला, पोट दाबून बघितलं, बीपी १५२, साखरेची आणि बीपीची गोळी चालू, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, शौचाची तपासणी सांगितली, सीईए दोन महिन्यांनी बघू म्हणाले आणि तेही सिगारेट बंद केल्यावरच. फी ३०० घेतली. तोंड उघडायला लावून बॅटरीनं आत बघितलं, तंबाखूवाल्यांचं हे दर सहा महिन्यांनी बघायला पाहिजे म्हणे. लॅबचे फोन अजून येतायत, आता आईच्या थायरॉइडसाठी पॅकेज सुचवतायत, नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून. हे कसं बंद करायचं कुणाला माहीत आहे का?

सिस्टर, एक विचारायचं होतं. आई ५९ ची आहे, बायको ३८. दोघींचीही ती तपासणी कधीच झालेली नाही. आम्ही नाशकात, कुठे जायचं?

आशाताईंची_सिस्टर:
बायकोची व्हिनेगरची तपासणी सिव्हिलला किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात होईल, मनपाच्या दवाखान्यात पण विचारा, फुकट असती. पाळी चालू असताना नको, संपून आठवडा झाला की जायचं, दोन मिनिटाचं काम आहे, दुखत नाही. आईला व्हिनेगरची नको, पाळी गेल्यावर ती जागा आत सरकती आणि नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी पॅप (तिथल्या पेशी काढून बघतात ती) किंवा एचपीव्हीची करा, ती गायनॅककडं सांगतील. जाताना दोघींना एकत्रच न्या, एकट्या सासूबाई जात नाहीत, अनुभव आहे. आणि आईंचं थायरॉइडचं पॅकेज तूर्त राहू द्या, बीपी आणि साखर बघितली का त्यांची?

निफाडकर:
साखर बरी आहे, ९६. बीपी पॅकेजमधे नव्हतंच.